गिलासाच्या कानांचा निकाल

भंडारा
शनिवार, दुपार

चि. सचिन,

तुह्या धनीराम काकाचे पोटभर आशीर्वाद. तब्येत कशी आहे? मेसचं खाऊन पोट बिघडलं तं नाही ना? तुही काकू विचारून राहिली की नागपुरात स्वेटर घालतोस की पेटीत ठेवून देतोस. इकडं सारं ठीक आहे. म्हणजे ठीक काहीच नाही, पण पत्राच्या सुरुवातीलेच रडगाणं गाऊ नये म्हणून तसं लिहिलं. तुही माय मंगलाबाई बरी आहे. तुहे बाबाही बरे आहेत, उलट वजन वाढलं त्याईचं. (झगड्यानं माणूस वाळते असं मी ऐकलं होतं. तुह्या बाबाले झगडा मानवला.)

फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. अबे, कारखान्यात प्रेसच्या आवाजात फोनवर ओरडून बोलावं लागते, अन मी ओरडलो की पत्र्याच्या थप्पीमागून तुहे बाबा ऐकतात. घरून बोललो तर तुही काकू मधातच फोन घेते अन तुले भाजी कोणती खाल्ली ते विचारते. म्हणून हे पत्र. मुद्दा एकच आहे: निकाल कधी पाठवतोस? इथं दोन भाऊ तलवारी उपसून उभे आहेत, अन तू तिकडं कॉलेजात मशीनची रांग, मशीनची रांग करून राहिला. राशनच्या दुकानातही येवढी रांग नसते रे.

तुले सारं माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, काहून की तुह्या बाबानं तुले उलटं सांगतलं असणार. करडीच्या कवडूभाऊनं पोरीच्या लग्नासाठी आपल्याकडून पितळी गिलास बनवून घेतले. पंगतीत वाढायचे, पोरीच्या संसारालेही द्यायचे, म्हणून चांगले उंच पाहिजेत म्हणे. आता आपल्याकडं काम कसं वाटलेलं आहे ते तुले ठाऊकच आहे. पत्रा आणायचा अन त्याच्या गोल चकत्या कापायच्या, हे तुह्या बाबाचं खातं. त्या चकत्याईले भट्टीत ताव देऊन नरम करायचं अन प्रेसखाली साच्यात दाबून गिलास काढायचा, हे माहं. गिलास निघाले, पण प्रत्येक गिलासाच्या काठाले चार कान. चार ठिकाणी काठ वर, चार ठिकाणी खाली. कान छाटून काठ सपाट केला तं गिलास येवढा बुटका झाला की कवडूभाऊनं ते सारे गिलास कारखान्याच्या दारात ओळीनं मांडले, अन येणाऱ्या-जाणाऱ्याले विचारू लागला, सांगा बापा, याले गिलास म्हणू का वाटी? अख्ख्या गल्लीनं मत दिलं. वाटी निवडून आली.

झालं, तिथून ठिणगी पडली. मी म्हटलं पत्रा वाईट. तुहे बाबा म्हणाले ताव वाईट. मी म्हटलं, पत्रा पाहून आणायचे डोळे फुटले का? ते म्हणाले, भट्टीसमोर बसून तू झोपा काढतोस. (हे साफ खोटं आहे. मी डोळे मिटून विचार करतो.) मग त्यात तुह्या आजोबाचं, आपल्या आबाचं नाव निघालं, लहानपणी सायकल कोणी मोडली ते निघालं, माह्या लग्नात कोण रुसलं होतं ते निघालं, अन शेवटी ठरलं की कारखान्याच्या मधोमध भिंत घालायची. भंडारा-गोंदिया जिल्हा वाटला तेव्हा कलेक्टर कचेरीतही येवढा गोंधळ झाला नसंल. विटा येऊन पडल्या आहेत. अट येवढीच, की तुह्या मशीननं दोषी कोण ते सांगायचं. जो दोषी निघंल त्यानं मागची अंधारी बाजू घ्यायची अन आमच्या दोघाईच्या नावाची खुशालराम-धनीराम ही पाटीही सोडायची. आबाच्या हातची पाटी आहे ती. म्हणून म्हणतो, हे काही गिलासाचं प्रकरण राहिलं नाही.

तू फोनवर जे समजावलं ते मले समजलं आहे, तुह्या बाबाले नाही. पितळ वरून सपाट दिसते, पण आत डोळ्याले न दिसणारे बारीक बारीक कण असतात, अन प्रत्येक कणाचं तोंड आपापल्या दिशेले असते. पत्रा रुळांमधून दाबून काढला की सारे तोंडं एका बाजूले वळतात, वारा सुटला की बांधीतलं धान एका अंगाले झोपते तसे. मग असा पत्रा साच्यात ओढला की एका दिशेनं जास्त लांबते, दुसऱ्या दिशेनं कमी, अन काठाले कान फुटतात. इथपर्यंत तू सोन्यासारखं बोललास. म्हणजे दोष पत्र्याचा, म्हणजे पत्रा आणणाऱ्याचा, मी नाव घेत नाही. पण पुढं तू म्हटलं की ताव जास्त लागला तर जुने कण जाऊन नवे तयार होतात, अन ते नवेही एकाच दिशेले तोंड करून बसू शकतात. हे वाक्य तू काहून बोललास रे? फोन स्पीकरवर होता! तुह्या बाबानं ते ऐकलं अन तेव्हापासून येता-जाता माह्या भट्टीकडं पाहून हसतात.

तर दोन तुकडे पाठवायचं ठरलं: एक ताव देण्याआधीचा, एक दिल्यानंतरचा. तुही मशीन त्याच्यावर किरणं सोडणार, कोणत्या कणाचं तोंड कुठं ते ओळखणार, अन दिशेप्रमाणं रंग देणार. तू दुसऱ्या कोणत्या धातूचं चित्र नमुना म्हणून पाठवलं होतं, लाल-निळं-हिरवं. तुही काकू ते पाहून म्हणे, वाकळ चांगली शिवली, पण ठिगळं एका मापाची नाहीत. (मी तिले समजावलं की हे विज्ञान आहे. ती म्हणे, असू दे, पण एका मापाची नाहीत.)

आता तुह्या सूचना. कातरीनं कापू नका, हातोडा लावू नका, वाकवू नका, गरम होऊ देऊ नका, पाणी सोडत हळूहळू करवतीनं कापा, कापसात गुंडाळा, अन पत्रा रुळातून कोणत्या दिशेनं निघाला त्याचा बाण मागच्या बाजूले कोरा. अबे, आम्ही पितळेचं काम करतो का बाळंतिणीचं? बरं, मी एकटा कापीन तं तुह्या बाबाले भरवसा नाही, ते एकटे कापतील तं मले नाही. म्हणून करवत माह्या हातात अन पाण्याचा गडवा त्याईच्या. त्यात आमचं बोलणं बंद! तुहे बाबा बोलायचं ते प्रेसले बोलतात. ‘ए प्रेस, करवत तिरपी जाऊन राहिली, सांग कोणाले तरी.’ मग मी चकत्या कापायच्या मशीनले सांगतो, की बाई, पाणी करवतीवर सोडायचं असते, माह्या पायजम्यावर नाही. रुळाची दिशा शोधायले पत्रा उन्हात धरून त्याच्यावरच्या बारीक रेघा पाहाव्या लागतात. चश्मा एकच, तोही तुह्या बाबाचा. मग एक काच त्याईच्या डोळ्याले, एक माह्या, असे आम्ही डोस्क्याले डोस्कं लावून उन्हात उभे. शेजारची रंभाबाई विचारून गेली की ग्रहण आहे का आज.

तुकडे तयार झाले. बाण कोरले. कापसात गुंडाळून मी ते घरी फळीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तं दोन्ही तुकडे चकचक करून राहिले! तुह्या काकूनं चिंच लावून, राख लावून असे घासले होते की बाणही गेले अन कोणता तुकडा आधीचा, कोणता नंतरचा, तेही कळंना. म्हणे, पुतण्याकडं काळं पितळ पाठवू का? लोकं काय म्हणतील, पितळवाल्याच्या घरी चिंच नाही?

पुन्हा कापले. यावेळी तुह्या बाबाकडं ठेवले. तं काय सांगू बाप्पा, तुह्या मायनं घासले! चिंच लावून, राख लावून, बाणासकट. तिले तर पहिल्या खेपेचा तमाशा माहीत होता. म्हणे, विसरली. मले हेच समजत नाही. कोणाच्या बारशाले कोणी कोणतं लुगडं दिलं हे या दोघी जावाईले तोंडपाठ असते, अन तुकड्याले हात लावू नका येवढं ध्यानात राहत नाही. वरून दोघी पदर तोंडाले लावून हसतात, अन आम्ही तिसऱ्यांदा कापायले बसलो की न मांगता चहा आणून ठेवतात. बायकांची स्मरणशक्ती उतरून राहिली रे, तुह्या कॉलेजात यावर कोणी काम करत असंल तं विचार.

तिसऱ्या खेपेले एक गोष्ट घडली, ती लिहीत नव्हतो, पण लिहितो. कापता कापता तुहे बाबा प्रेसले सांगू लागले की आबानं पहिल्यांदा धनीरामले भट्टीजवळ बसवलं तेव्हा यानं चिमट्यानं चकती उचलायची सोडून स्वतःची टोपी उचलून भट्टीत टाकली होती. मले येवढं हसू आलं की करवत थांबवून खोकल्याचं सोंग करावं लागलं. तुहे बाबाही दुसरीकडं तोंड करून खोकले. (धुराचा खोकला असावा. भट्टी मात्र बंद होती.)

मग पोस्टात गेलो. दोघंही, पिशवीचा एक बंद माह्या हातात, एक त्याईच्या. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव कोणाचं, यावर खिडकीपाशी झगडा झाला. मागचे लोकं ओरडायले लागले, तेव्हा दोघाईचं टाकलं. येताना पोहे खाल्ले. एका टेबलावर बसलो, पण गैरसमज करून घेऊ नको, दुसऱ्या टेबलावर पंखा नव्हता. तुहे बाबा वाढणाऱ्याले म्हणाले, या माणसाच्या पोह्यावर तर्री कमी टाक, रात्री जळजळ होते याले. पाह्य, चारचौघात माह्या पोटाची बदनामी!

तेव्हापासून हा असा छळ सुरू आहे. रोज चहाच्या वेळेले तुहे बाबा माह्या बाजूले येतात, विटांच्या ढिगावर बसतात, अन प्रेसले विचारतात, नागपूरहून काही आलं का? मी मशीनले सांगतो, नाही आलं, पण आलं की काही लोकाईची नजर खाली होईल. मग दिवे लागेपर्यंत चालते. पत्रा, ताव, कण, तोंडं. आम्ही दोघंही आता या विषयात येवढे तयार झालो की तुह्या मास्तरले शिकवू. त्याईचा चहा माह्या खात्यात, माही सुपारी त्याईच्या डबीतून. हे मी किती दिवस सहन करू? माह्यात आता ताकद राहिली नाही. तरी हे पत्र मिळताच निकाल पाठव. रांग असली तं मधात घुस. पॉलिश करायले वेळ लागते म्हणतोस तं तुही काकू अन माय दोघी पाठवून देतो.

तिकडं जेवणाची हयगय करू नको. अभ्यास कर, पण चश्मा लागू देऊ नको, आपल्या घरात एक आहे तो दोघाईले पुरते.

तुहा न्यायाची वाट पाहणारा,
धनीराम काका

ता. क. वर जे निकाल ताबडतोब पाठव म्हणून लिहिलं, ते रागात लिहिलं. काम नीट झालं पाहिजे, घाई नको. येवढी महागाची मशीन, बिघडतही असंल. बिघडली तं कोणाची ना नाही. दुरुस्त करणारा मुंबईहून यायचा, त्याले सुट्टी मिळायची, असं करता करता उन्हाळा निघून जाते. झालंच तं तुकडे खराब निघाले म्हणून कळव, आम्ही पुन्हा कापू. खरं सांगतो सचिन, मंगळवारी तुह्या बाबाले ताप होता, आले नाहीत. प्रेस चालू होती, भट्टी पेटली होती, पण दिवसभर मले कोणी मूर्ख म्हटलं नाही. मले करमलं नाही रे. तुह्या निकालात मी जिंकलो तरी ते मागच्या बाजूले जातात, अन ते जिंकले तं मी. दोन्हीकडून माहंच नुकसान आहे. निकाल नको पाठवू.

ता. क. २. पाकीट बंद करता करता तुही काकू सांगून राहिली की तुह्या बाबानं काल तिले तुह्या होस्टेलचा पिनकोड विचारला, अन धनीरामले सांगू नको म्हणाले. म्हणजे त्याईचंही पत्र येऊन राहिलं. त्यात निकाल लवकर पाठव असं असंल तं काही तरी बहाणा करून टाळ. अन तेही उशीर कर म्हणत असतील, तं ते मले कधीच कळवू नको. मले कळलं तं मी उद्यापासून त्याईच्याशी झगडा कसा करू?