घड्याळ मागे गेले त्या रात्रीची दीर्घिका

प्रिय बतूल,

तुला सलाम. गुडघा आता कसा आहे?

शेजारच्या मखलूफने फोनवर सांगितलेला वृत्तान्त चुकीचा आहे. संगणक बिघडला नव्हता आणि मी थंडीने आजारी पडलो नाही. अंगात दोन पायघोळ लोकरी जेलाबे होते.

भाची इझ्झाने संगणकाला आज्ञा दिली होती की, रात्री अडीचपासून दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा प्रत्येकी पाच मिनिटे उघडा ठेवून सहा छायाचित्रे घ्यावीत. रमजानसाठी आपल्या देशात घड्याळे त्याच रात्री एक तास मागे जातात, हे आम्ही दोघेही विसरलो. तीनचे दोन झाले, पुन्हा अडीच वाजले आणि संगणकाने तीच आज्ञा नव्याने पाळली.

"मामा, हलू नका! तुमच्या पावलांनी कॅमेरा हादरतो."

"श्वास घेऊ का?"

"थोडाच घ्या!"

बाराही छायाचित्रे संगणकाने एकावर एक रचली, तेव्हा काळोखातून एक दीर्घिका वळसे घेत प्रकटली. कोट्यवधी वर्षे चाललेला तो प्रकाश इथल्या अंगणात थांबला होता.

तिच्या टोकाशी दुसरी, लहान दीर्घिका आहे, असे इझ्झा म्हणाली. पडद्याला नाक टेकवूनही मला ती दिसली नाही. मोतीबिंदू इतका वाढल्याचे मी तुझ्यापासून लपवले होते; क्षमा कर.

तुझ्या हातच्या हरीरा सूपची वाट पाहणारा,
तिहामी

तारखा दुरुस्त करून घे:
छायाचित्र: २२ नव्हे, २३ फेब्रुवारी.
माझे परतणे: ईदनंतर नव्हे, १ मार्च.
डोळ्यांची शस्त्रक्रिया: "पुढच्या वर्षी" नव्हे, डॉक्टरांनी दिलेली १५ एप्रिल.