खंडेनवमीला हार घातलेला संगणक

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार

चि. दिग्विजय यास कुंडलिककाकाचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सर्व पुण्यात खुशाल असाल. ऋतुजाचा खोकला थांबला का ते कळव. माझी तब्येत बरी आहे, साखरही जिथल्या तिथे आहे. दिवाळीनंतर येऊन तू काकूच्या संगणकात नवी प्रणाली घालून गेलास, त्याला तीन आठवडे झाले. मी एकच सांगितले होते, तिचे जसे होते तसे राहू दे. जाताना तू म्हणालास, ही इतकी सोपी आहे की कोणालाही जमेल. मला जमली, हे कळवण्यासाठी हे पत्र.

आधी एक कबुली. जुनी प्रणाली वीज गेल्यामुळे बिघडली, असे मी तुला सांगितले होते. वीज गेली नव्हती. खंडेनवमीला यंत्राला विश्रांती द्यायची, हा काकूचा नेम तुला माहीत आहे. (तिच्या माहेरी, वैरागला, त्या दिवशी तराजूसुद्धा फुले वाहून झाकून ठेवत.) पडद्याला झेंडूचा हार घातला की ती दिवसभर कोणाला बटणाला बोट लावू देत नसे. यंदा ती गेल्याचे वर्ष, म्हणून घरात सण नाही. पण दुखवटा माणसांना, यंत्राला नाही, असे मी ठरवले. (गुरुजींना विचारले नाही. विचारले की ते नाही म्हणतात.) आदल्या दिवशी फोटो बघून मी संगणक तसाच चालू ठेवला होता. सकाळी हार घेऊन गेलो तर पडद्यावर एक चक्र फिरत होते आणि खाली लिहिले होते, सुधारणा चालू आहे, बंद करू नका. नवमीच्या दिवशी काम! मी भिंतीवरचे बटण बंद केले, हार घातला आणि नमस्कार केला. शेजारच्या सुंदरम्मा आल्या, त्यांना सगळे सांगितले, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, ते बंद करू नका म्हनतंय, आन तुमी बंद करून वर हार घातलाव? हार घालायचीच वेळ आनलाव की त्याच्यावर." दसऱ्याला तो उघडला नाही.

तू सगळे वाचवलेस. फोटो, पाककृती, सर्वांच्या वाढदिवसांची यादी, सगळे 'जुने' नावाच्या एका कप्प्यात मिळाले. पण पडदा कोरा. स्वच्छ दिसतो, असे तू म्हणालास. काकूचा पडदा कधीच स्वच्छ नव्हता. डावीकडे फोटो, उजवीकडे पाककृती, खाली वाढदिवस, फडताळातल्या डब्यांसारखे, न बघता हात जावा असे. मी ते आठवून पुन्हा मांडायला घेतले. पहिल्या दिवशी शेंगाचटणी सरकवताना फोटोंच्या कप्प्यात पडली आणि संध्याकाळपर्यंत सापडली नाही. (चौकट मोठी करायचे आणि बंद करायचे बटण एकमेकांना चिकटून का ठेवतात, हे ही प्रणाली सोपी करणाऱ्यांना विचार. आमच्या कचेरीत शाई आणि चहासुद्धा इतके जवळ ठेवत नसत.) दुसऱ्या दिवशी वाढदिवसांची यादी उघडायला गेलो तर तिचे नावच बदलले आणि अर्धा दिवस ती 'ककककक' या नावाने राहिली. तिसऱ्या दिवशी सगळे जागेवर बसले. सुंदरम्मांनी येऊन पाहिले, चटणी स्वतः उघडली आणि म्हणाल्या, "काकूंचंच हाय की सगळं." छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला एवढे प्रशस्तिपत्र मिळाले नाही.

तेव्हा माझी काळजी करू नये. प्रणाली सोपी आहे. तुझ्या वडिलांना नमस्कार सांग. सोबत कडक भाकरी पाठवल्या आहेत, मोडल्या असतील तरी चव तीच असते.

तुझा,
कुंडलिककाका

ता. क. पत्र हाताने लिहिले आहे, त्याचा वेगळा अर्थ काढू नको. छापण्याचे बटण सापडले आहे. कागद कुठून घालायचा ते सापडलेले नाही.

आणखी एक. वर्षश्राद्धाला येशील तेव्हा एक लहानसे काम करशील का? पूर्वी संगणक उघडला की 'वैजयंती' असे यायचे. (मी ते नाव लग्नातल्या उखाण्यानंतर घेतले नाही, संगणक रोज घ्यायचा.) तू तिथे माझे घातलेस. आता रोज सकाळी 'स्वागत, कुंडलिक' असे येते. वडील गेल्यापासून या घरात मला कोणी नावाने हाक मारलेली नाही. तिचे नाव परत घाल असे म्हणत नाही, ती उघडायला येणार नाही हे मला समजते. माझ्या नावाच्या जागी नुसते 'अहो' घालता येते का, तेवढे बघ.