नडगीचे बारा आठवडे

प्रिय भिंगरी,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझी आई म्हणते की हल्ली लोक वाईट बातमीसुद्धा फोनवर सांगतात, तुम्हीच तेवढा पत्राचा घाट कशाला घालताय. पण फोनवर मी कसा असतो ते तुला माहीत आहे. ‘जेवलीस का’ आणि ‘बरं, ठेवतो’ यांच्या मध्ये माझ्याकडे काहीच नसतं. गेले तीन आठवडे तर तू तेवढीही संधी दिलेली नाहीस. जे सांगायचंय त्याला दोन-चार पानं लागतील, आणि मध्येच तू ‘बाबा, पुरे’ म्हणालीस तर मी खरंच थांबेन. म्हणून कागद बरा, तो कुणाचं ऐकत नाही.

गेल्या रविवारी आईने मला सगळं सांगितलं. बाबांना सांगू नकोस असं तू तिला बजावलं होतंस, म्हणजे ती सांगणार हे तुला ठाऊकच असणार. दुरुस्तीसाठी पवनचक्कीवर पुन्हा चढायचं नाही असं तू ठरवलं आहेस. महिनाअखेरीला कंपनीच्या कागदावर सही करून खालचं, टेबलाचं काम घेणार आहेस. पंधरावा आठवडा चालू आहे, सळई घालूनही नडगीचं हाड जुळलेलं नाही, एक्स-रेच्या फिल्मवर मोडल्याची रेघ अजून दिसते, आणि आता ते जुळणारच नाही अशी तुझी खात्री झाली आहे. डॉक्टर थांबा म्हणतात, तर तू आईला म्हणालीस, “डॉक्टर सगळ्यांनाच धीर देतात. बाबांनी कधी कुणाला दिला नाही, आणि त्यांच्या तक्त्यात बारा आठवडे आहेत.” कुठला तक्ता हे आईला कळेना. मला लगेच कळलं, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तू नववीत होतीस. रविवारी दुपारी आपल्या जेवणाच्या टेबलावर तुम्हा तिघांचा अड्डा जमायचा: तू, तुझा मावसभाऊ आणि खालच्या मजल्यावरची ती उंच मैत्रीण. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं, आणि जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. विकतच्या खेळाचे नियम तुला पटले नव्हते, म्हणून चौकटीच्या वहीत तू स्वतःचे लिहिले होतेस. मला त्यातलं काही कळत नसे. मी चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचो आणि तुमचा वीर बुरुजावरून पडून पुन्हा उठून तलवार चालवतोय हे ऐकायचो. आठवडाभर एक्स-रे खोलीत असे पडलेले लोक स्ट्रेचरवरून माझ्यासमोर येत असत. त्यातला एकही उठून तलवार चालवत नसे. शेवटी राहवलं नाही आणि मी खुर्ची ओढून बसलो. तुझी आई म्हणाली, झालं, आता मुलांच्या खेळात हे नाक खुपसणार.

पहिला वाद पडण्याच्या नियमावरून. तुझा नियम सरळ होता: एक पुरुष उंचीला एक फासा, दोन पुरुषांना दोन, आणि पुरुषभर उंचीच्या आत पडलात तर इजा शून्य. मी म्हटलं, हे चूक आहे. उंची चौपट झाली तर वेग दुप्पटच होतो, तेव्हा वर्गमूळ काढा. दोन रविवार मी तुम्हाला वर्गमुळं काढायला लावली. मावसभाऊ म्हणाला, काका, आमचं गणित होईपर्यंत राक्षस जेवून झोपला. तिसऱ्या रविवारी तू शांतपणे वही पुढे सरकवलीस. मार वेगाच्या वर्गाने लागतो, म्हणजे आधी वर्गमूळ काढायचं आणि मग पुन्हा वर्ग करायचा. “मग बाबा, मध्ये थांबायचंच कशाला?” तुझा नियम बरोबर होता, आणि मी तीन आठवडे शहाणपणा शिकवत होतो. तेव्हा मी हूं म्हणून चहा प्यायलो होतो. किती कौतुक वाटलं होतं ते आज सांगतो, उशिरा का होईना.

शून्याचा नियम मात्र मी सोडला नव्हता. पुरुषभर उंचीच्या आतच लोक जास्त मोडतात, हे मी तुला सांगून थकलो. न्हाणीघर, पायरी, स्टूल. तू म्हणायचीस, न्हाणीघरात पडणाऱ्या वीराची गोष्ट कोण ऐकणार? आणि आता बघ, पंचवीस पुरुष उंचीच्या खांबात वर्षानुवर्षं चढ-उतार करून तुला ओरखडा आला नाही, आणि अवजारांची पेटी घेऊन गाडीच्या पायरीवरून उतरताना नडगी मोडलीस. हे मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बोलायला नको होतं. तू हसशील असं मला वाटलं होतं.

दुसरा वाद झोपेचा. तुझ्या नियमात एक झोप काढली की वीराचा सगळा जीव परत. मी म्हटलं, असं असतं तर आमचा विभाग कधीच बंद पडला असता. तू म्हणालीस, मग तुम्ही लिहून द्या, पण टेबलावर चालेल असं लिहा, कुणालाही आकडेमोड करायला लागता कामा नये. ही अट मला फार आवडली. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी तेच करत बसलो. आणि जमलं. दोन फासे टाकायचे, जी बेरीज येईल ते हाड, आणि तीच बेरीज म्हणजे आठवडे. दोनावर पायाची करंगळी. चारावर हाताचं बोट. सहावर बरगडी. सातावर मनगट. दहावर दंड. बारावर नडगी. एका फेकीत हाडही कळतं आणि मुक्कामही. सात सगळ्यांत जास्त वेळा पडतो आणि मनगटच सगळ्यांत जास्त मोडतं. बारा छत्तिसात एकदा, म्हणजे वाईट गोष्ट विरळा. इतकं चपखल बसलेलं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. त्याच आनंदात मी तो कागद विभागात नेला आणि फिल्मच्या पाकिटांवर मारतात तो जांभळा शिक्का खाली उमटवला: ‘तपासले. क्ष-किरण विभाग.’ गंमत म्हणून. तुम्हा तिघांनी त्या शिक्क्याकडे ज्या नजरेने पाहिलंत ती गमतीची नव्हती.

खेळ त्याने सुधारला हे तर तूही कबूल करशील. कुणी उगाच भिंतीवरून उड्या मारेनासं झालं. मग तो रविवार आला. मावसभाऊ सूत्रधार होता, तुझं पात्र म्हणजे निरोप पोचवणारी एक मुलगी, ती छपरावरून घसरली, आणि तू दोन सहा टाकलेस. तो बिचारा म्हणाला, पुन्हा टाक, आम्ही पाहिलं नाही. तू नाही म्हणालीस. खेळातला एक आठवडा म्हणजे एक रविवार असं तुमचं ठरलेलं होतं. बारा रविवार तू त्या टेबलाशी हाताची घडी घालून बसलीस. दुसरं पात्र घेतलं नाहीस, कुणाला सल्ला दिला नाहीस. वहीच्या कडेला दर आठवड्याला एक रेघ. नवव्या रविवारी आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, तुमचा तक्ता फाडून टाका नाहीतर पोरीला काहीतरी सांगा. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. वरून कडक होतो, पण त्या तीन महिन्यांत रविवारी दुपारी घरात बसायची मला भीती वाटायची.

आता खरं काय ते ऐक. नडगीला बारा आठवडे लागतात हे मला कुठल्याही फिल्मने सांगितलेलं नाही. दोन फाशांवर बाराच्या पुढे आकडाच नसतो, म्हणून ते बारा. मी सगळ्यांत रेंगाळणारं हाड शोधलं आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यासमोर बसवलं. जागा संपली तिथे हाड जुळलं. मांडीचं हाड तर तक्त्यात घेतलंच नाही, कारण ते ठेवायला घर उरलं नव्हतं. छत्तिसात एकदा हेही खोटं. रस्त्यावरच्या धडकांमुळे आमच्याकडे नडगी रोजचीच होती. वास्तव वास्तव म्हणून तुझ्या खेळात घुसलो मीच, आणि आकडे सुंदर जुळतायत म्हटल्यावर वास्तवाला दाराबाहेर उभं केलं तेही मीच. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला टेबलावरून उठवलं असतं.

नुसतं हे सांगून भागणार नाही, कारण आता माझ्या शब्दावर तू का विश्वास ठेवावास. म्हणून सोमवारी जुन्या विभागात गेलो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हल्लीची प्रमुख माझ्याच हाताखाली शिकलेली आहे. तिने नावांवर कागदाची पट्टी ठेवून जुन्या नोंदवह्या बघू दिल्या, एवढंच म्हणाली की सर, खुर्ची तेवढी माझी आहे. तीन दिवस स्टुलावर बसून मोजलं. सळई घातलेल्या नडग्या शहाऐंशी. त्यातले चौघे शेवटच्या फिल्मला आलेच नाहीत, त्यांचं काय झालं माहीत नाही, म्हणून वेगळे ठेवले. उरले ब्याऐंशी. बारा आठवड्यांत जुळलं ते फक्त सात जणांचं. बारा ते सोळात एकोणीस. सोळा ते चोवीसमध्ये त्रेचाळीस. चोवीसच्याही पुढे तेरा, आणि त्यातल्या दोघांना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागलं. म्हणजे सोळावा आठवडा संपला तेव्हा ब्याऐंशीपैकी छप्पन्न जण फिल्मवर रेघ घेऊन बसलेले होते, आणि त्यातल्या त्रेचाळीस जणांचं चोविसाच्या आत जुळलं. तुझं जुळेलच असं मी म्हणत नाही. तेराही माणसंच होती. मी फक्त मोजलेलं सांगतोय, आणि मोजल्याप्रमाणे तू मागे पडलेली नाहीस, बहुतेकांच्या बरोबर आहेस.

टेबलाचं काम वाईट नसतं. तुला ते मनापासून हवं असेल तर खुशाल घे, मी हूं म्हणून चहा पिईन. पण माझ्या तक्त्याला घाबरून घेऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू तेराव्या आठवड्यापासून बंद केलास असं आई म्हणते. तो उद्यापासून सुरू कर, आणि त्या सहीला चोविसाव्या आठवड्यापर्यंत मुदत मिळते का विचार. विचारायला काही लागत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच एवढी पानं खरडली. तेरावा रविवार आठवतो? तू वही घेऊन माझ्याकडे आलीस. बारा रेघा पूर्ण झाल्या होत्या. विचारलंस, “बाबा, आता तिला पळता येईल?” त्याच आठवड्यात तेराव्या आठवड्याची एक नडगी मी पाहिली होती, रेघ स्पष्ट होती, आणि तो माणूस कुबड्यांवर होता. नाही म्हणायला हवं होतं. पण तू तीन महिने मुकाट बसली होतीस, आणि तुझा चेहरा बघून माझ्याच्याने ते होईना. मी म्हटलं, “तक्त्यात आहे ना? मग येईल.” बाबा कधी कुणाला धीर देत नाहीत, असं तू म्हणतेस. एकदा दिला होता, भिंगरी, तुलाच, आणि तो आज तुझ्या पायात आला. मला माफ कर. नवा तक्ता सोबत पाठवतोय. तो दोन फाशांवर बसत नाही, दिसायलाही बरा नाही. शिक्का माझ्याकडे नाही, आणि असता तरी मारला नसता. खाली जागा कोरी सोडली आहे. चोविसाव्या आठवड्याची फिल्म हातात आली की, त्यात काहीही दिसो, तिथे तुझ्या अक्षरात लिही: तपासले.

तुझाच,
दारात कप घेऊन उभा असलेला
बाबा