कृष्णेतल्या मगरीस बोलू देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
दळणवळण आयोग,
वॉशिंग्टन.

विषय: एकाच मालकाकडे बारा रेडिओ केंद्रे गेल्याने बंद पडलेला मराठी अर्धा तास २५ मार्चपूर्वी एकदा तरी मिळणेबाबत.

संदर्भ: केंद्रमालकीची मर्यादा सातावरून बारावर नेणारा आपला नियम.

महोदय,

अर्जदार चंद्रशेखर त्र्यंबक टिपणीस, वय एकाहत्तर, राहणार एडिसन, न्यू जर्सी, सविनय सादर करतो की, हा अर्ज नाइलाजाने मराठीत आहे. अर्जदाराची कन्या मृणालिनी त्याचे इंग्रजी करून देणार होती. परंतु दुसऱ्याच मुद्द्याशी थांबून "बाबा, गव्हर्नमेंटला असल्या थापा मी टाइप करणार नाही" असे म्हणून ती ऑफिसला निघून गेली. आपल्याकडे मराठी वाचणारा कोणी नसल्यास तो मुद्दा अर्जदाराच्या बाजूने नोंदवावा.

१. अर्जदार येथील लहानशा रेडिओ केंद्रावर दर रविवारी सकाळी नऊ ते साडेनऊ मराठी कार्यक्रम करीत असे. केंद्र अशक्त, घरात नुसती खरखर, मोटारीत मात्र स्वच्छ. म्हणून ओक ट्री रोडवरच्या एका वाणसामानाच्या दुकानामागे सतरा मोटारी काचा खाली करून उभ्या राहत, आणि पोह्यांचे डबे या खिडकीतून त्या खिडकीत फिरत.

२. जानेवारीत हे केंद्र दूरच्या एका कंपनीने घेतले. आता बारा गावांत एकच माणूस एकाच वेळी सुप्रभात म्हणतो. येथे गुडघाभर बर्फ असताना त्याने श्रोत्यांस अर्ध्या बाह्यांचा सदरा घालण्यास सांगितले. अर्जदाराचे शेजारी नंदू यांनी ते मानले, आणि त्यांच्या तिसऱ्या शिंकेस गॅरेजचे दार आपोआप वर गेले. अर्जदार केंद्रावर गेला तेव्हा तेथे कपाटाएवढे एक यंत्र आणि फ्रँक नावाचा एकच कर्मचारी होता. "मिस्टर टी, मी फक्त टेप बदलतो. बॉस कोण, ते मलाही कोणी सांगितलेलं नाही," असे म्हणून त्याने कॉफी दिली.

३. शेवटच्या रविवारी अर्जदार आपल्या चुलत आजोबांची हकीकत सांगत होता. सांगलीस कृष्णेच्या महापुरात ते मगरीच्या पाठीवर बसून पैलतीरी निघाले होते. मध्यधारेत मगर थांबली, घसा खाकरला, मान वळवून म्हणाली, आणि वेळ संपली. पुढचा रविवार आलाच नाही.

४. अर्जदाराचे मित्र श्री. जगन्नाथ केळुसकर, निवृत्त इंजिनीयर, यांच्या हृदयाची झडप बदलण्यासाठी २५ मार्च ही तारीख मिळाली आहे. मगर काय म्हणाली हे ऐकल्याशिवाय ते संमतीपत्रावर सही करीत नाहीत. अर्जदाराने फोनवर सांगण्याची तयारी दाखवली. ते म्हणाले, "फोनवर नको. मला बरं वाटावं म्हणून तू काहीही ठोकून देशील. सतरा गाड्या ऐकत असल्या म्हणजे तुला थोडी तरी लाज असते." त्यांच्या पत्नी वसुधावहिनी अर्जदाराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, आयुष्यभर बोललात, आता गप्प का?" जगन्नाथला ऑपरेशनच्या टेबलावर झोपण्याची भीती वाटते आणि मगर हे निमित्त आहे, एवढे अर्जदारास कळते. पण त्या निमित्तामागून त्याला बाहेर काढण्याचा दुसरा रस्ता कोणालाही सापडलेला नाही.

५. हवा कंपनीची नव्हे. परवाना आपण देता तो लोकांच्या वतीने. तेव्हा मालकीस पूर्वीची मर्यादा घालावी, आणि प्रत्येक केंद्राने आठवड्यातले काही तास त्या त्या गावच्या माणसांसाठी, त्यांच्या भाषांत राखावेत अशी सक्ती करावी. नियमास वर्षे लागतील हे अर्जदार जाणतो. म्हणून तूर्त फक्त रविवार, २३ मार्चचा अर्धा तास मिळावा. तेवढा न जमल्यास बारा मिनिटे. तीही न जमल्यास चार. मगर थोडक्यात बोलेल.

अर्जदाराने आजवर माईकसमोर जे सांगितले त्यातला शब्दही खरा नव्हता, हे कन्येच्या समाधानासाठी येथे लेखी कबूल करतो. नंदूची शिंकही खोटी. जगन्नाथ मात्र खरा आहे. जिना चढताना तो चौथ्या पायरीवर बसतो आणि बुटाची नाडी बांधण्याचे सोंग करतो. त्याच्या बुटांना नाडी नसते.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
चं. त्र्यं. टिपणीस
एडिसन, १० मार्च १९८६

सोबत:
(१) सतरा मोटारींच्या मालकांच्या सह्या.
(२) श्री. केळुसकर यांचे संमतीपत्र, प्रत. सहीची जागा कोरी.