वरच्या पायरीवरचं रान

१४ फेब्रुवारी १९५४, रविवार
कोलशेतला जाऊन आलो. घोडबंदर रस्त्यापलीकडच्या टेकडीवरचं आमचं देवाचं रान खडीसाठी मागायला दौलतशेठ ठेकेदार आलाय. जमीन सामाईक. सहदेव आणि बाकीचे चुलतभाऊ द्यायला एका पायावर तयार! काळूदादा थोरला, पण तो काहीच बोलत नाही. नुसतं म्हणाला, "देवाला कौल लावू. देव सांगंल ते."

मला रागच आला. रान हवं असेल तर हवं म्हण ना बाबा! मला तर हवंच आहे. आज मी टेंभी नाक्यावर राहून शाळेत शास्त्र शिकवतो, पण झाडं ओळखायला शिकलो ती त्या रानात, दादाच्या खांद्यावर बसून.

२१ फेब्रुवारी
कौल झाला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फुलं दादानेच लावली, थोरला म्हणून. डावं पडलं! दादा उठला — "झालं. विषय मिटला."

सहदेव कुरकुरला, "मास्तर, फुलानं काय ठरतंय, तूच सांग." मलाही ते पटेना. आज डावं पडलं, पुढच्या वर्षी उजवं पडेल. रान काय फुलावर सोडायचं? सगळ्यांसमोर म्हटलं, ज्या बाजूला ऊन लागतं ते फूल आधी सुकून पडतं, बाकी काही नाही. दादा भोळा आहे. रान राखायचं तर शास्त्राने राखू.

मग कोळशाने ओट्यावर टेकडीच काढली. लाव्हाचे थर, पायऱ्यांसारखे. खालचा मऊ, त्याचा मुरूम झाला, माती कमरेइतकी खोल. तिथे सावर, पांगारा. भराभर उंच जातात, लाकूड हलकं, किड्यांनी पानं खाल्ली तरी नवी फुटतात. तोडलं तरी आपल्या हयातीत परत उभं राहील. वर मात्र कठीण काळा पाषाण. तिथे अंजनी. मनगटाएवढी व्हायला माणसाचा जन्म जातो. पान जाड आणि चिवट, कारण एक गेलं तर दुसरं करायला त्या मातीत काही नाही. म्हणून तर एका टेकडीवर दोन रानं! द्यायचंच तर खालचं द्या, वर हात लावू नका.

शेठ मऊ आवाजात म्हणाला, "वर माती थोडीच म्हणता?" "वीतभर! खाली लगेच दगड," मी ठासून सांगितलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा माझ्याकडे बघत राहिला. कौतुकाने असणार. छान बोललो आज.

२८ फेब्रुवारी
शेठला खालचं नकोच. "मुरूम घेऊन काय करू, मास्तर? मला पाषाण पाहिजे. जागा तुम्हीच दाखवलीत."

मी म्हटलं, अरे पण देवाने नकार दिलाय! सहदेव खो-खो हसला. "कौल तूच मोडलास ना! फुलाला ऊन लागलेलं ना रे?" बाकीचेही हसले. करार झाला. दादा एकटा काय करणार? त्यानेही अंगठा दिला.

काय करून बसलो मी!

१ मार्च
वर्गात आज शिकवलंच नाही. मुलांना वाचायला लावलं.

४ एप्रिल
पहिले सुरुंग झाले. वर गेलो — जायला नको होतं. मोठी झाडं आडवी. खालच्या सावलीतली गुडघाभर अंजनी, माझ्या लहानपणीही गुडघाभरच होती, उन्हाने पार करपून गेलीय. वर जागा रिकामी होईल म्हणून थांबून राहिलेली ती रोपं. झाली जागा!

दादाने देव स्वतः उचलून खाली आणला, अंगणात ठेवला. मी म्हटलं, "दादा, चुकलो. तुझी श्रद्धा होती आणि मी चारचौघांत तुला भोळा म्हणालो." तो म्हणाला, "जेवून जा."

जेवलो.

१८ एप्रिल
आवाज नाक्यापर्यंत येत नाही. तरी मी कान देऊन बसतो.

९ मे
दादाकडून गोदावहिनी सुकट घेऊन आली. मी पुन्हा तेच रडगाणं लावलं — दादाची देवावर भिस्त होती, मी घालवली. वहिनी वैतागली.

"कसली भिस्त, भावजी! भाऊबंद ह्यांचं ऐकत नाय, देवाला भितात, म्हनून कौल. उजव्या फुलाला ह्यांनी उंबराचा चीक लावलेला. ते पडनारच नव्हतं."

मला आधी का नाही सांगितलं, एवढंच विचारलं.

"मी म्हटलेलं सांगा. तं म्हनले, रघूला कशाला खोटं बोलाया लावू? मास्तर हाय तो."