युदितचं पोतं

धाकटे दोरोतेआ,

कापुआच्या मठाचं दार राखणाऱ्या तुला थोरलीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे माझ्यासारखेच, कुरकुरतात पण वाकत नाहीत. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं दिसेल. इथे नेपल्सच्या चौकात पत्रं लिहून देणारा बसतो, पण त्याची शाई वाळायच्या आत मजकूर बाजारभर होतो, म्हणून स्वतःच लिहिते आहे.

तर आम्ही चित्रात गेलो. आमच्या चर्चला युदितचं चित्र हवं होतं. (तीच ती विधवा, गाव वाचवायला शत्रूच्या तंबूत शिरून दारू प्यालेल्या सेनापतीचं मुंडकं कापणारी.) चित्रकार ओनोफ्रिओ जिवंत माणसं समोर उभी करून रंगवतो. युदित म्हणून माझी नात पोर्झिया, कारण चादरी पिळून पिळून तिचे दंड भरलेत. मुंडक्यासाठी पोतं धरणारी म्हातारी दासी म्हणून मी. असलं तोंड म्हणे सबंध शहरात दुसरं मिळालं नाही. (हे कौतुकच, असं मी धरून चालले.) आणि सेनापती म्हणून पोर्झियाचा नवरा अनिएल्लो, बंदरावरचा हमाल. पलंगावर मान लटकवून पडायचं, वर दारू मिळायची. हेच काम तो घरी फुकट करत होता.

पोर्झियाने त्याचे केस मुठीत धरले, बोथट तलवार मानेला लावली, मी पोतं पसरलं. तिच्या दंडावर त्याच्या बोटांचे काळेनिळे ठसे होते. ओनोफ्रिओने पाहिले, खाकरला, आणि चित्रात त्यांच्यावर सोन्याचं कडं रंगवलं. लग्न झाल्यापासून नवऱ्यामुळे तिच्या अंगावर चढलेला हा पहिला दागिना.

चित्र लागलं त्या दिवशी पाद्रीबाबांनी असं प्रवचन दिलं की बायका रडल्या. देव दुबळ्या हातांत बळ घालतो वगैरे. बाहेर पडतो तोच मासळीवाल्या अनिएल्लोला विचारू लागल्या, "का रे, डोकं बरोबर आणलंस की बायकोकडेच ठेवलंस?" सगळे हसले. तोही हसला. आणि घरी जाऊन ते हसणं त्याने तिच्या अंगावर काढलं. डावा डोळा अजून उघडत नाही.

मी तिला त्याच पाद्रीबाबांकडे नेलं. त्याच चित्राखाली उभे होते. म्हणाले, "मुली, सहन कर. नवऱ्याचा राग ही देवाने घेतलेली परीक्षा." मी वर चित्रातल्या युदितकडे बोट दाखवून विचारलं, मग हिची परीक्षा का नाही घेतली? तर म्हणे ते वेगळं, तो परका होता. म्हणजे कापायला माणूस परमुलखातला हवा. घरातल्याचे पाय दाबायचे. आम्ही लावलेली मेणबत्ती मी विझवून परत आणली. अर्धी उरली होती.

बाकी इकडे सगळं ठीक, म्हणजे होतं तसंच.

तुझी थोरली,
कार्मोझिना

ता. क. हे पत्र घेऊन दाराशी उभी असलेली, शाल डोळ्यांपर्यंत ओढलेली बाई पोर्झियाच आहे. बाजूचं छोटं दार उघड. कपडे छान धुते, खाते कमी. तुमच्या उंबऱ्याच्या आत पुरुषाला पाय टाकता येत नाही, हा तुमचा एकच नियम मला आवडतो.

आणखी एक. तिच्या हातात चित्रातलंच पोतं आहे, ओनोफ्रिओकडून मागून आणलं. मठातल्या बाकीच्या दचकतील, तर त्यांना सांग, आत फक्त कपडे आहेत. आज भर दुपारी अनिएल्लो पिऊन पडला होता, मान लटकवून, अगदी चित्रातल्यासारखा. भाजी चिरायची सुरी हाताशीच होती. मी पोतं पसरून बराच वेळ उभी राहिले. पोरीने त्यात कपडे भरले.