रस्त्याकडची आठ झाडं

२४ ऑगस्ट, रविवार, मोर्शी

आमच्या संत्र्याच्या बगीच्यातली सोळा झाडं मोजून झाली. रस्त्याकडच्या आठ झाडांखाली एकूण एकोणीस गळलेली फळं. नाल्याकडच्या आठ झाडांखाली एकशे चौतीस! मीच दोनदा मोजली. वहीचा फोटो काढून गावंडे सरांना, कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शकांना, पाठवला. दोन मिनिटांत उत्तर – नुसतं ‘शाब्बास आचल’. सर कुणाला शाब्बास म्हणत नाहीत. गेल्या वर्षी सुवर्णपदक मिळालेल्या मुलीला ‘अक्षर सुधारा’ म्हणाले होते.

रस्त्याकडच्या झाडांच्या आळ्यात सरांनी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भुगा पसरायला लावला होता. नाल्याकडची तुलनेसाठी तशीच ठेवलेली. म्हणजे भुग्यामुळे संत्र्याची गळ थांबते! बारा वर्षं सर हेच म्हणत आले आणि कुणी ऐकलं नाही.

मोजलेली फळं नेहमीसारखी खड्ड्यात पुरली, म्हणजे पुढच्या रविवारी फक्त त्या आठवड्याची गळ मिळते. कंबर मोडली. पण आज काही वाटत नाही.

२६ ऑगस्ट, अमरावती

विभागाने यंदा नवीन खूळ काढलंय. प्रकल्पाच्या अहवालाला मार्गदर्शकाची मुलाखत जोडायची. आवाज मुद्रित करायचा, मग शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, खाली मार्गदर्शकाची सही. पंचवीस गुण! माझी खोलीतली मैत्रीण मोनाली निवांत आहे. तिच्या मॅडमनी सांगितलं, प्रश्नही तूच लिही आणि उत्तरंही, मी सही करते. आमचे सर तसले नाहीत. ‘प्रश्न आधी दाखवा. अघळपघळ नकोत.’

वीस प्रश्न काढले. पहिलाच – आपले बालपण कसे गेले? स्वतःचीच कीव आली.

२९ ऑगस्ट

सरांनी वीसपैकी दहा प्रश्न लाल पेनाने उडवले. बालपण अर्थातच उडालं. ‘आपल्या यशाचे रहस्य काय’ याच्यासमोर लिहिलंय – कोणते यश?

मुलाखत ९ तारखेला, अकोल्याला त्यांच्या घरी. तेव्हापासून ते रजेवर. पंचवीस तारखेला अकोल्यातल्याच परिषदेत ते आमचे आकडे मांडणार. तीस तारखेला निवृत्त. चहा पिता पिता म्हणाले, ‘जाताना एक तरी गोष्ट हातात घेऊन जातो.’

२ सप्टेंबर, मोर्शी

आज जे पाहिलं ते लिहू की नको.

महालक्ष्म्यांसाठी राहिले होते, एरवी मी फक्त शनिवार-रविवारी घरी असते. आईने सकाळी फुलं आणायला बगीच्यात पाठवलं. रस्त्याकडच्या झाडांखाली बाबा वाकलेले. बाजूला टोपलं. खाली पडलेली फळं उचलत होते.

मी विचारलं, काहून उचलून राहिले बाबा?

‘मंग? उत्तमराव कवाई येते. गाडीतून न उतरता रस्त्यावरूनच पायते तो. सडा दिसला त भाव पाडते.’

रोज उचलता?

‘रोज. पण रविवारी नाई हात लावत हो माय, तुई मोजणी रायते म्हणून.’

हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

उत्तमराव म्हणजे व्यापारी. दरवर्षी उभ्या बगीच्याचा सौदा करतो. तो यायच्या आधी खालचा सडा सगळं गावच उचलतं, पाहुणे यायच्या आधी अंगण झाडावं तसं. यात कुणाला काही वाईट वाटत नाही. मलाही वाटलं नसतं. मी लहानपणी टोपलं घेऊन बाबांच्या मागे फिरलेय की! आणि तरी दोन महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी कसली संशोधक!

बाबांना समजावलं. मोजणी आठवड्याची असते, एका दिवसाची नाही. तुम्ही उचललीत तर आकडा खोटा होतो. त्यांनी टोपल्यातली फळं हाताने सारखी केली. मग म्हणाले, ‘एकवीस तारखेले उत्तमराव येऊन राहिला. सौदा होऊ दे. मंग तू म्हनशीन तसं करू.’

आणि टोपलं घेऊन पुढच्या झाडाकडे गेले.

३ सप्टेंबर

एकोणीस म्हणजे एका दिवसाची गळ. एकोणीस गुणिले सात, एकशे तेहतीस. नाल्याकडे एकशे चौतीस.

एका फळाचा फरक! बारा वर्षांचं काम आणि एक फळ.

५ सप्टेंबर, अमरावती

आज शिक्षक दिन. सरांना वर्गाने पुष्पगुच्छ दिला. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या.

सरांना सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी बगीच्यात हजर होतील, मला माहीत आहे. सडा आठवडाभर तसाच ठेवायला लावतील. उत्तमरावचा पुतण्या आमच्याच वर्गात, संध्याकाळपर्यंत काकाला कळेल की किसनरावांचा, म्हणजे बाबांचा, बगीचा गळतोय. आणि नाही सांगितलं तर सर त्या आकड्यांसकट अकोल्यात उभे राहणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

मोनालीला सांगितलं. ती म्हणाली, तू कुठे खोटं बोललीस? तुला जेवढी दिसली तेवढी मोजलीस. वकील व्हायला हवी होती ही.

७ सप्टेंबर, रविवार, मोर्शी

रस्त्याकडे सतरा. नाल्याकडे एकशे एकवीस.

वहीत लिहिलं. आधीच्या आकड्यांच्या वेळी मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. आज माहीत असताना, माझ्या हाताने, निळ्या शाईने लिहिलं. फोटोही पाठवला. शाब्बास आलं.

९ सप्टेंबर, अमरावती

मुलाखत झाली.

सकाळच्या एसटीने अकोला. खिडकीत बसून ठरवलं होतं – मुलाखतीच्या आधीच सांगायचं. मूर्तिजापूर आलं तेव्हा ठरवलं, मुलाखतीनंतर सांगू, आधी सांगितलं तर मुलाखत कशी होणार? म्हणजे मी मूर्तिजापुरातच हरले होते.

सरांचं घर गोरक्षण रोडला. आवाजच मुद्रित करायचा होता तरी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भांग पाडून बसलेले. काकूंनी चिवडा दिला आणि पंखा बंद केला, आवाज येतो म्हणून. फोन टेबलावर ठेवला. सर कागद बघून वाचायला लागले – ‘सदर संशोधनाची प्रेरणा मला शेतकरी बांधवांच्या समस्यांमधून मिळाली.’ बातम्या देतात तसं. आठ प्रश्न असेच गेले. मला बरंच वाटलं. असंच चालू राहिलं असतं तर मी काहीही ऐकून घेतलं असतं.

नववा प्रश्न त्यांनीच ठेवला होता – निराशेचा प्रसंग.

त्यांनी कागद बाजूला ठेवला. चष्मा काढला. आणि फोन चालू आहे हे विसरून घरच्यासारखं बोलायला लागले. अचलपूरला एक, धामणगावला एक, अशा चार बगीच्यांत त्यांनी हाच प्रयोग केला होता. चारही ठिकाणी आकडे कुचकामी निघाले, कारण शेतकऱ्याने सडा उचलला. व्यापाऱ्याच्या भीतीने. सर त्यांना नावं ठेवत नव्हते. म्हणाले, ‘त्याची चूक नाई. त्याले वर्षभराचं खाणं पायजे, मले फक्त आकडा पायजे.’

मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘जूनमंधी तुया बापाले मी इचारलं होतं. म्हटलं किसनराव, सडा उचलान त नाई? त्यानं मह्या हातावर हात ठेवला. म्हने, सर, मोजणी माही पोरगी करते, मी कायले हात लावू. आचल, बारा वर्षांत असा एकच मानूस भेटला मले.’

मी काय बोलले? मी म्हटलं, प्रश्न दहावा.

शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही राहिलं का? मी फोनकडे बघत होते. लाल टिंब चालू होतं. नाही सर, म्हटलं.

त्यांनी एका कोऱ्या कागदाच्या खाली सही करून दिली. म्हणाले, मुलाखत उतरवून झाली की याच कागदावर शेवट कर, परत अकोल्याला कशाला यायचं, भाडं जातं. मी म्हटलं वाचून मग सही करा. म्हणाले, तुझं काय वाचायचं!

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असेल. फरक एवढाच की तोंड माझं मीच दाबलं होतं.

११ सप्टेंबर, मोर्शी

खोलीत जीव घुसमटत होता म्हणून घरी आले. आईला सांगितलं ताप आहे. तिने कपाळाला हात लावून बघितलं आणि कामाला लागली.

दुपारी ओसरीत बसून मुलाखत उतरवत होते. फोन मोठ्याने लावलेला, कारण सर नवव्या प्रश्नानंतर हळू बोलतात. थोडं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. ‘किसनराव’ हा शब्द आला आणि दाराशी चप्पल वाजली. बाबा होते. कधीपासून उभे होते कोण जाणे.

‘पुन्हा लाव.’

लावलं. सरांचा आवाज – त्यानं मह्या हातावर हात ठेवला. बाबांनी अजून एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र हाताने थांबवलं. विचारलं, ‘तू सांगतलं नाई सराले?’

मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं रागावतील, नाहीतर सुटल्यासारखं हसतील. दोन्ही नाही. ‘मले वाटलं रविवार सोडला म्हंजे झालं’ एवढंच म्हणाले, तेही माझ्याशी नाही. मग पाणी प्यायले आणि फवारणीचा पंप दुरुस्त करत बसले.

मला त्यांचा राग येतोय. आणि त्यांच्यासाठी पोटात तुटतंय. आणि सगळ्यात जास्त चीड माझी. एकवीस वर्षांची घोडी झालेय, दोन भल्या माणसांपैकी एकालाही एक सरळ वाक्य सांगता येत नाही मला!

१२ सप्टेंबर

परत अमरावती. वही बगीच्यातल्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत, खुंटीला टांगून आले. या रविवारी जाणार नाही. फोनवर बाबांना सांगितलं, परीक्षा आहे. मोजणी बुडू दे, फक्त दोन्हीकडची फळं रविवारी खड्ड्यात पुरा.

‘ठीक हाये’ म्हणाले. कोणती परीक्षा ते विचारलं नाही.

१६ सप्टेंबर

मुलाखत उतरवून झाली. नववं उत्तर दोन प्रकारे लिहिलं. एकात बाबांबद्दलची वाक्यं आहेत, एकात नाहीत. सरांच्या सहीचा कागद या रोजनिशीच्या पुठ्ठ्याखाली दाबून ठेवलाय. दिवसातून चारदा काढून बघते.

१८ सप्टेंबर

सरांचा फोन. परिषदेसाठी तक्ता तयार झाला, फक्त या रविवारचा आकडा भरायचा राहिलाय. मागचा रविवार का बुडाला? मी म्हटलं तब्येत. म्हणाले, जप. आवाजात इतकी माया की मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सांगायचं सोडून रडले!

२० सप्टेंबर

संध्याकाळच्या एसटीने घरी. उद्या दहाला उत्तमराव येणार. आईने चहासाठी नवे कप काढून ठेवलेत. बाबा लवकर झोपले.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी आठला बगीच्यात गेले. रस्त्याकडच्या आठही झाडांखाली सडाच सडा. पिवळी, हिरवी, फुटलेली, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत. आठवडाभर कुणी हात लावलेला नाही.

खोपडीत वही उघडली. आजच्या रकान्यात बाबांचं वेडंवाकडं अक्षर – ‘रस्त्याकडचे १४१. नाल्याकडचे १३८. दोनदा मोजले.’ त्याखाली – ‘सर, याच्या आधी मी रोज उचलत होतो. पोरीले माहीत नोतं. किसनराव.’

साडेनऊ वाजलेत. बाबा धुतलेला शर्ट घालून फाटकाशी उभे आहेत. टोपलं खोपडीतच आहे.